मिंकच्या नाकाचा उरलेला अर्धा भाग

मंगळवारी सकाळी सव्वानऊला तुमच्या रोहनचा फोन आला. "आई इज गॉन," तो म्हणाला. मी फोन ठेवला, मायक्रोटोमचं, म्हणजे काप काढायच्या यंत्राचं, पातं काढून डब्यात ठेवलं आणि नोरीनला सांगायला गेले.

मंदाताई, त्याला आज एकोणीस दिवस झाले. मी कामावर जाते. सकाळी लॅबमधल्या आपल्या खोलीचं दार उघडलं की मेणाचा वास येतो आणि मी नेहमीप्रमाणे "आले हो" म्हणते. उत्तर येत नाही, तरी म्हणते.

त्या खोलीत आपण दोघीच मराठी होतो. पंचवीस वर्षं आयर्लंडात काढूनही तुम्ही अकोल्याची बोली सोडली नव्हती. इथे ठीक आहे म्हणायला सगळे 'ग्रँड' म्हणतात, पण "ग्रँड हाय बाप्पा" हे वाक्य तुमच्याखेरीज जगात कोणी बोललं असेल असं मला वाटत नाही. नोरीन आपली विभागप्रमुख, अस्सल मेयो काउंटीची, पण तीसुद्धा ऊतीचा एखादा काप फाटला की "बाप्पा" म्हणायला लागली होती. मी पुण्याची, कमी बोलणारी, जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसणारी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्यासमोर डबा ठेवून विचारलंत, "काऊन वं, माणसं चावतात का तुले?" मी पुस्तक मिटलं. इथे स्लायगोत खाल्लेलं तुमच्या डब्यातलं पिठलं मला माझ्या आईच्या पिठल्याहून आवडलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मी पशुवैद्यकाची पदवी घेऊन आले होते, वर इथली पदव्युत्तर पदवी. तुम्ही प्राण्यांचे रोग तपासणाऱ्या या लॅबमध्ये काचेची भांडी धुण्यापासून सुरुवात केली होती. पण ऊती बघायला मला तुम्हीच शिकवलंत. मिंकचं नाक पहिल्यांदा दाखवलंत तो दिवस मी विसरणार नाही. मिंक म्हणजे मुंगसाएवढा प्राणी. फरसाठी पिंजऱ्यात वाढवलेला, काळा, चमकदार. त्याचं नाक माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं. त्यातून तुम्ही एक काप काढलात, इतका पातळ की तो पाण्यावर तरंगताना दिसतही नव्हता, फक्त पाण्यावर एक किंचित सुरकुती दिसत होती. कापण्याआधी, नाक बसवलेला मेणाचा ब्लॉक थंडीने कडक झाला होता म्हणून, तुम्ही मास्क खाली ओढून त्यावर एक मंद, उबदार फुंकर घातली होतीत. मग ब्रशच्या टोकाने ती सुरकुती काचेवर घेतलीत, रंगवलीत आणि खुर्ची सोडून मला बसवलंत.

भिंगाखाली पडदेच पडदे होते. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या, त्यावर पेशींचं अस्तर, प्रत्येक गुंडाळीतून आणखी दोन गुंडाळ्या फुटलेल्या. श्वास आत जाताना या सगळ्यांवरून जात असणार, तापत असणार, ओला होत असणार. मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

"पाह्यलं? एवढ्याशा जीवाच्या नाकात अख्खा मेळघाट हाय," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर एकदा, दुसऱ्या कामाच्या स्लाइडवर, तुम्ही मला विषाणू दाखवलात. म्हणजे विषाणू नव्हे, तो या भिंगाला दिसत नाही. विषाणूच्या आरएनएला जाऊन चिकटेल असा एक रेणू कापावर सोडायचा आणि तो जिथे चिकटेल तिथे लाल ठिपका उमटेल अशी सोय करायची, एवढंच आपण करतो. बाकी सगळं निळं. निळ्याच्या त्या पसाऱ्यात एका पेशीत लाल ठिपके होते, शेजारच्या पेशीत नव्हते. एक पेशी घेरली गेली आहे आणि तिला खेटून असलेलीला अजून पत्ता नाही, असा तो क्षण फॉर्मलिनमध्ये थांबलेला. मी भिंगावरून डोळा काढला नाही. आपल्या दोघींच्या ओळखीत तुम्ही इतका वेळ गप्प राहिल्याचा हा एकच प्रसंग मला आठवतो.

ताई, आता मला त्या बारा डोक्यांबद्दल लिहायचं आहे.

ती हिवाळ्याच्या सुरुवातीला आली. फरची फार्म कायद्याने बंद होणार हे ठरलंच होतं. त्यातल्या एका फार्मवरचे काही स्वॅब कोविडसाठी पॉझिटिव्ह आले होते, पण प्राणी आजारी दिसत नव्हते. प्राणी मारले गेले आणि त्यातल्या बारांची डोकी आणि फुप्फुसं फॉर्मलिनमध्ये घालून आपल्याकडे पाठवली. प्रश्न एकच होता. विषाणू या प्राण्यांच्या पेशींत खरोखर शिरला होता का, की स्वॅबवर बाहेरून लागला होता? तुम्ही पहिलं डोकं बाहेर काढलंत आणि कामाला लागण्याआधी हातमोज्यातल्या दोन बोटांनी कपाळावरची फर सारखी केलीत. फॉर्मलिनमध्ये बुडूनही ती चमकत होती. "कोनाच्या तरी गळ्यात जायाची होती," म्हणालात, आणि करवत घेतलीत.

प्रत्येक डोकं मधोमध उभं कापायचं, डावा अर्धा भाग तपासायचा, उजवा राखून ठेवायचा, ही नोरीनची पद्धत. कापणं तुम्ही केलंत. पुढचं माझ्याकडे होतं.

नाकात हाड असतं. ते मऊ केल्याशिवाय काप निघत नाही. मऊ करायचे दोन मार्ग. एक संथ द्रावण, ज्याला तीन-चार आठवडे लागतात. तुम्ही त्याला "सबुरीचं पाणी" म्हणायचात. दुसरं ॲसिड, दोन दिवसांत काम होतं, पण ते आरएनए खाऊन टाकू शकतं. हे मला माहीत होतं. परीक्षेत मी हे लिहिलेलं होतं. पण माझा करार महिनाअखेरीला संपत होता, त्यावर इथे राहण्याचं परमिट अवलंबून होतं, आणि एक पूर्ण झालेला अहवाल माझ्या नावावर असावा असं मला फार वाटत होतं. तुम्ही दोन दिवस रजेवर होतात, कसल्याशा तपासण्यांसाठी. मी बाराही डावे भाग ॲसिडमध्ये टाकले. नोंदवहीत लिहिलं, "हाडं मऊ केली." कशात, ते लिहिलं नाही.

फुप्फुसांत काही सापडलं नाही. नाकांत काही सापडलं नाही. निळंच निळं, स्वच्छ. मी मसुदा केला: ऊतींत विषाणू आढळला नाही, स्वॅब घेतेवेळी दूषित झाले असण्याची शक्यता आहे. स्वॅब घेतले होते फर्गलने. तो लॅबचा नव्हता, लागेल तसा बोलावला जाणारा मदतनीस. थंड डबे घेऊन तो गेटवर यायचा आणि तुम्ही त्याला चहा द्यायचात.

मसुदा तुम्ही वाचलात. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत.

"नाकावर केलं का त्याचं सोताचं?"

हे बाहेरच्याला समजायचं नाही म्हणून लिहिते. विषाणू शोधण्याआधी त्याच कापावर प्राण्याचा स्वतःचा आरएनए शोधायचा असतो. तो दिसला तर ऊती वाचण्याजोग्या आहेत. तोच दिसला नाही, तर विषाणू न दिसण्याला काही अर्थ नाही.

"फुप्फुसावर केलं ना, ताई. छान आलंय."

"मी नाक म्हणून राह्यली, तू फुप्फुस सांगून राह्यली."

"एकाच प्राण्याचं आहे."

"एका घरातले दोघं सारखे असतात का? माझा रोहन पाह्य आन् त्याचा बाप पाह्य." मला हसू आलं. तुम्हाला नाही आलं. "कशात ठेवलं होतं नाक?"

"नेहमीसारखंच."

"नेहमीसारखंच," तुम्ही म्हणालात. मग कागद टेबलावर ठेवलात. "हे पाह्य. दिसलं नाई असं लिही. नव्हतं असं लिहू नको. आन् त्या फर्गलच्या डोक्यावर काऊन मारून राह्यली तू?"

"मी फक्त शक्यता लिहिलीय."

"शक्यता कोनी वाचत नाई, पोरी. नाव वाचतात."

मी चिडले. तेव्हा मी तुम्हाला काय म्हणाले ते इथे लिहिणं मला जड जातंय, पण न लिहिणं त्याहून वाईट. मी म्हणाले, "ताई, अहवालावर सही माझी आणि नोरीनची असते." तुम्ही "बरं" म्हणालात आणि पाण्याचं तापमान बघायला गेलात. नोरीनने माझ्यावर विसंबून सही केली. माझा करार वाढला. पेढे म्हणून मी दुकानातली चॉकलेटं वाटली. तुम्ही एक घेतलंत.

आठवड्याभरात तुमच्या तपासण्यांचा निकाल आला.

ते सगळं मी पुन्हा सांगत नाही. तुम्ही रजेवर गेलात, पण दर बुधवारी लॅबमध्ये यायचात. "घरात मेनाचा वास येत नाई बाप्पा, करमत नाई," म्हणायचात. तुमचा कोट सैल होत चालला होता. तुमच्या बाकापाशी माझ्याकडे पाठ करून अर्धा तास काहीतरी करत बसायचात. बसलात की मला म्हणायचात, "जा, चहा आन कँटीनमधून. दूध जास्त सांग. घाई नको करू." मी जायचे. तुमच्यासाठी निदान इतकं तरी करता येतंय याचं मला समाधान वाटायचं.

हॉस्पिटलात शेवटची भेट झाली तेव्हा मी पिशवीत एक कादंबरी घेऊन आले होते. "वाचून दाखवू?" म्हटलं.

"वाचू नको. काही सांग."

मी सांगितलं. नोरीनची गाडी पुन्हा बंद पडली. नदीवर हंस परत आलेत. लॅबमधला नवीन मुलगा कपाटाला इथल्यासारखं प्रेस म्हणायला शिकला, आता सगळ्यांशी आयरिश उच्चारात बोलतो. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात.

"आनखी?"

"आणखी काही नाही, ताई."

तुम्ही डोळे उघडलेत. नर्स औषध घेऊन आली, "हाउ आर वी, मंडा?" असं विचारत. तुम्ही तिला ग्रँड म्हणालात. ती गेल्यावरही तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी पिशवीचे बंद बांधत होते.

"बरं," तुम्ही म्हणालात.

तुमचं दहन कॅव्हन गावी झालं. दाराशी इथल्या रीतीप्रमाणे रांग लागली. एकेक जण हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत पुढे जात होता. रोहनने मला शेजारी उभं केलं होतं, त्यामुळे लोक मलाही तेच म्हणत होते. रोहन सगळ्यांशी त्याच्या इंग्रजीत बोलत होता. मध्येच मान खाली घालून मला म्हणाला, "शी ऑल्वेज सेड यू टॉक टू लिट्ल." मग रांगेत फर्गल आला. उंच, कोट आखूड झालेला. मी त्याला गेटच्या जाळीतूनच पाहिलं होतं. तो म्हणाला, तुमच्या चहात आलं असायचं, आणि त्याने घरी करून पाहिला पण जमला नाही.

मी विचारलं, "हल्ली येत नाहीस डबे घेऊन?"

"त्या मिंकनंतर बोलावणं आलं नाही," तो म्हणाला. "इट्स ग्रँड." मग माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा हात धरायला पुढे सरकला.

घरी येताना दीड तास मी गाडीत रेडिओ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर लॅबमध्ये गेले. ठरवलं होतं की उजवे भाग काढायचे, सबुरीच्या पाण्यात घालायचे, चार आठवडे थांबायचं, आणि नोरीनला त्याच दिवशी सांगायचं. भांडारातल्या खालच्या फळीवर उजव्या भागांच्या बाराही बरण्या होत्या. धुतलेल्या, उपड्या घातलेल्या. कोरड्या. मला वाटलं, कोणीतरी टाकून दिले. मी खाली बसून एकेक बरणी उलटून पाहायला लागले. मग पहिल्या बरणीच्या पट्टीवर, क्रमांकाच्या खाली, पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: "ब्लॉक झाले. प्रेसमध्ये."

तुमच्या बाकाखालचं प्रेस मी उघडलं. एका खोक्यात मेणाचे बारा ब्लॉक होते, ओळीने. वर एक चिठ्ठी. तिच्यावर बुधवारांच्या तारखा, प्रत्येकीसमोर द्रावण बदलल्याची खूण. मी चहा आणायला जायचे ते सगळे बुधवार. आणि खाली चार ओळी:

"पोरी, हाड मऊ झालं, सुईनं पाह्यलं. मेन मीच ओतलं. हात हालत होता, सात नंबर तिरपा बसला, कापताना सांभाळ. आधी त्याचं सोताचं पाह्य, नाकावर."

बस. ॲसिडचा उल्लेख नाही. फर्गलचा नाही. कधी कळलं, कसं कळलं, काही नाही. ताई, तुम्ही पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. नोरीनला एका वाक्यात सांगता आलं असतं. ते न करता तुम्ही आजारी अंगाने दर बुधवारी येऊन माझी चूक दुरुस्त करता येईल अशी मांडून ठेवलीत, आणि सांगण्याचं काम माझ्यासाठी सोडलंत. हॉस्पिटलातही तुम्ही त्याचीच वाट बघत होतात. दोनदा विचारलंत. तुमच्या या धीरापुढे मला अजूनही नीट उभं राहता येत नाही. रागावला असतात तर मी प्रतिवाद केला असता.

मी ब्लॉक कापले. सातवा खरंच तिरपा होता. पातं लावताना कोन बदलला, तरी काप चुरगळत होता. मग मी मास्क खाली ओढला आणि फुंकर घातली. काप सरळ निघाला.

आधी त्याचं स्वतःचं पाहिलं, नाकावर. सगळं अस्तर लाल ठिपक्यांनी भरलेलं. त्याच्या शेजारी मी ॲसिडमधला जुना डावा भाग ठेवला होता, त्यावरही तीच तपासणी केली होती. तिथे काही नव्हतं. एकाच प्राण्याची दोन अर्धी नाकं. एक बोलत होतं आणि दुसऱ्याचं तोंड मी बंद केलं होतं.

मग विषाणू. पहिला प्राणी, दुसरा, तिसरा. निळं. पाचव्यात, नाकाच्या आतल्या एका गुंडाळीच्या वळणावर, सहा-सात पेशी ओळीने लाल. त्यांच्या वरच्या लवेतही लाल, म्हणजे बाहेर पडायला निघालेला. इतकं होऊनही प्राणी खात होता, पीत होता, पिंजऱ्यात फेऱ्या मारत होता. कोणाला काही दिसलं नव्हतं. कापसाची एक काडी घशातून फिरवणाऱ्या माणसाने ते बरोबर उचललं होतं. सातव्यातही होतं, नवव्यातही. मी दिवा मंद केला आणि पुन्हा लावला, खात्री करायला. ते तिथेच होतं. एवढी बारीक गोष्ट, प्राणी मेल्यावर, फॉर्मलिननंतर, मेणात, इतक्या महिन्यांनी, तुम्ही पाणी बदलत राहिलात म्हणून टिकून राहिली होती. मला हात जोडावेसे वाटले. भिंगासमोर बसून मी हात जोडले, ताई. खोलीत कोणी नव्हतं.

नोरीनला मी तिच्या खोलीत जाऊन दार लावून सांगितलं. ॲसिडपासून सगळं.

"मंदाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि ती काही बोलली नाही."

"त्यांनी बारा ब्लॉक केले."

नोरीन उठून खिडकी लावून आली. वाहनतळावर पाऊस होता. मग ती म्हणाली, "तुझ्यावर मी रागावलेय, आणि ते लगेच जाणार नाही." मी मान हलवली. "राइट सो," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "लिहायला घे. आणि त्या माणसाला फोन मी नाही करणार. तू कर."

मी फोन केला. फर्गलने शेवटपर्यंत ऐकलं. "सो आय वॉज डुइंग इट राइट," तो म्हणाला. मी हो म्हटलं. "फेअर प्ले टू यू फॉर रिंगिंग," म्हणाला, फोन केलास हे चांगलं केलंस अशा अर्थाने, आणि त्याहून जास्त काही नाही. जास्त काही म्हणायला हवं होतं असं मलाही वाटत नाही.

माझ्या कराराचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही. त्याबद्दल मला पूर्वीइतकी भीती वाटत नाही, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वाटते. फक्त त्या भीतीपायी आता काही लपवावं लागत नाही.

तुम्हाला "आणखी काही नाही" म्हणाले होते. आणखी हे होतं.

सुधारलेला अहवाल शुक्रवारी गेला. त्यात स्वॅबबद्दलची ती ओळ नाही. बाराही डावे भाग ॲसिडमध्ये ठेवल्याची नोंद माझ्या नावाने आहे, आणि उजवे भाग कोणी तयार केले त्या रकान्यात तुमचं नाव आहे. ब्लॉक प्रेसमध्ये आहेत. सातव्यातून अजून बरेच काप निघतील.